कांद्याच्या लिलावातून संख्याशास्त्र : बी.कॉम.च्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

बी.कॉम.च्या संख्याशास्त्रातली आकडेमोड आठवीच्या पलीकडची नाही. बेरीज, गुणाकार, वर्ग, वर्गमूळ, एवढ्यावर सगळा पेपर सुटतो. तरी पोरं अडतात. ‘मध्य काढा’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं तोवर गाडी नीट चालते. ‘यातलं कोणतं माप योग्य, सकारण सांगा’ असं आलं की पेन थांबतं. आणि नोकरीत नेमका हा दुसराच प्रश्न येतो. पहिल्याचं उत्तर संगणक देतो.

म्हणून सूत्रांची यादी देण्याऐवजी एकच माल हातात घेऊ: कांदा. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, सोलापूर इथले भाव रोज पेपरात येतात, त्यामुळे आकड्यांची ओळख आधीच आहे. खाली लिलावाचे जे आकडे आहेत ते हिशोबाला सोपे जावेत म्हणून मी मनाने मांडलेत. शेवटी महागाई भत्त्याचा हिशोब आहे, त्यातले निर्देशांक मात्र खरे आहेत. कॅल्क्युलेटर आणि कोरा कागद घेऊन बसा. नुसतं वाचून यातलं काही अंगी लागत नाही.

पहिली पायरी : आकडा कशाचा आहे ते ठरवा

एका सकाळी बाजार समितीच्या आवारात दहा वाहनांचा लिलाव झाला असं समजा. भाव रुपये प्रतिक्विंटल.

| वाहन | भाव | क्विंटल | रक्कम |
|---|---|---|---|
| १ | ५०० | २० | १०,००० |
| २ | १,२५० | २० | २५,००० |
| ३ | १,३५० | २५ | ३३,७५० |
| ४ | १,४०० | २५ | ३५,००० |
| ५ | १,४०० | २० | २८,००० |
| ६ | १,४०० | २५ | ३५,००० |
| ७ | १,४५० | २० | २९,००० |
| ८ | १,५०० | २० | ३०,००० |
| ९ | १,५५० | २० | ३१,००० |
| १० | ३,१०० | ५ | १५,५०० |

सूत्राला हात लावण्याआधी तीन गोष्टी समासात लिहा: एक ओळ म्हणजे काय (इथे एक वाहन), एकक काय (रुपये प्रतिक्विंटल), आणि यातली कोणती ओळ वेगळ्या जातीची आहे का. तिसरा प्रश्न कुठल्याच पाठ्यपुस्तकाच्या सूत्रात नसतो, पण पुढची निम्मी उत्तरं त्यावर ठरतात. पहिलं वाहन गोल्टीचं आहे, म्हणजे बारीक कांद्याचं. त्याला भाव कमीच मिळणार. दहावं पिकअपमधून आलेल्या पाच क्विंटलचं आहे, मुहूर्ताचा सौदा. हंगामाच्या पहिल्या लिलावात नारळ फोडून पहिल्या मालाला चढी बोली लावायची पद्धत अनेक बाजार समित्यांत आहे. तो भाव मानाचा असतो, दुसऱ्या दिवशी कुणाला मिळत नाही.

दुसरी पायरी : मध्य, मध्यक, बहुलक, आणि भारित मध्य

भावांची बेरीज १४,९००. भागिले १०. मध्य १,४९०.

मध्यकासाठी आकडे चढत्या क्रमाने लावायचे. वरच्या तक्त्यात ते आधीच तसे आहेत. दहा आकडे सम संख्येने आहेत, म्हणून पाचवा आणि सहावा घ्या: १,४०० आणि १,४००. मध्यक १,४००. सर्वांत जास्त वेळा आलेला भावही १,४००, म्हणून बहुलक १,४००.

आता उत्तराकडे पुन्हा बघा. १,४९० ही ‘सरासरी’ असेल, तर दहापैकी किती जणांना त्याहून जास्त भाव मिळाला? तिघांना. सात शेतकरी सरासरीच्या खाली आहेत. हिशोब बरोबरच आहे. मुहूर्ताच्या एका सौद्याने मध्य वर ओढला, एवढंच. एखादा टोकाचा आकडा आला की मध्य त्याच्याकडे सरकतो, मध्यक जागचा हलत नाही. दहावा भाव ३,१०० ऐवजी ३१,००० लिहून बघा: मध्य ४,२८० होईल, मध्यक १,४००च राहील. पगार, घरांच्या किमती, कर्जाची रक्कम अशा ठिकाणी मध्यक का वापरतात याचं हेच कारण आहे, आणि पेपरात दोन मार्कांना हेच विचारतात.

बहुलक पोरांना बिनकामाचा वाटतो. पण महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर कुठल्याही बाजार समितीचे भाव उघडा: आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असे रकाने दिसतील. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला तो, म्हणजे कल्पना बहुलकाचीच. ‘कांदा ३,१०० वर’ अशी बातमी कमाल दरावरून होते. शेतकऱ्याने आणि तुम्ही बघायचा तो सर्वसाधारण दर.

आता या भागातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्या सकाळी व्यापाऱ्यांनी मिळून किती पैसे मोजले? मध्य १,४९० आणि माल २०० क्विंटल, म्हणून २,९८,००० असं उत्तर द्यायचा मोह होतो. पण रकमेच्या रकान्याची बेरीज २,७२,२५० आहे. पंचवीस हजार सातशे पन्नास रुपयांची तफावत आली कुठून? साध्या मध्याने पाच क्विंटलच्या पिकअपला आणि पंचवीस क्विंटलच्या ट्रॅक्टरला सारखाच मान दिला, तिथून. खरा भाव काढायचा तर प्रत्येक भावाला त्याच्या वजनाने गुणायचं, सगळे गुणाकार मिळवायचे, आणि वजनांच्या बेरजेने भागायचं:

२,७२,२५० ÷ २०० = १,३६१.२५ रुपये

हा भारित मध्य. कॉस्टिंगच्या पेपरात साठ्याची सरासरी किंमत काढता ती हीच, आणि पुढे येणारे निर्देशांकही याच कल्पनेवर उभे आहेत. एक खूणगाठ बांधून ठेवा: ‘प्रति’ शब्द असलेल्या आकड्यांची (प्रतिक्विंटल, प्रतितास, शेकडा) साधी सरासरी काढण्यापूर्वी थांबायचं आणि वजन कशाचं द्यायचं ते विचारायचं. तीन शाखांच्या नफ्याच्या टक्केवारीची बेरीज करून तिनाने भागणारे पदवीधर मी पाहिले आहेत, आणि ते अहवाल वरिष्ठांकडे बिनबोभाट जातात.

तिसरी पायरी : भाव किती पांगले आहेत?

भाव मध्यापासून साधारण किती लांब पसरलेत ते सांगणारं माप म्हणजे प्रमाण विचलन. ते काढायच्या दोन वाटा आहेत. पहिली लांबची, पण एकदा तरी हाताने करावी.

प्रत्येक भावातून १,४९० वजा करा: –९९०, –२४०, –१४०, –९०, –९०, –९०, –४०, १०, ६०, १,६१०. या फरकांची बेरीज शून्यच आली पाहिजे. नसेल तर पुढे जाऊ नका, चूक याच ओळीत आहे. मग प्रत्येकाचा वर्ग करून मिळवा: ३६,७९,०००. भागिले १०, म्हणजे ३,६७,९००. त्याचं वर्गमूळ ६०६.५ रुपये.

दुसरी वाट परीक्षेतली. प्रत्येक भावाचा वर्ग, त्यांची बेरीज २,५८,८०,०००. भागिले १०, येतात २५,८८,०००. त्यातून मध्याचा वर्ग २२,२०,१०० वजा करा. पुन्हा ३,६७,९००. साध्या कॅल्क्युलेटरवर बहुधा १२५०, मग ×, मग = दाबलं की वर्ग मिळतो; लगेच ‘एम प्लस’ दाबायचं, की तो मेमरीत जमा होतो. शेवटी ‘एम आर’ दाबलं की वर्गांची बेरीज तयार. सुरुवातीला मेमरी पुसायला विसरू नका. सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालत असेल तर एस.डी. मोडमध्ये हे सगळं आपोआप होतं, पण तो परीक्षेत चालतो का हे आधी विचारून घ्या.

आता एक बारीक निरीक्षण. ३६,७९,००० या वर्गांच्या बेरजेत एकट्या मुहूर्ताच्या सौद्याचा वाटा २५,९२,१०० आहे. म्हणजे सत्तर टक्के ‘चढउतार’ एका पिकअपचा. गोल्टी आणि मुहूर्त हे दोन सौदे बाजूला ठेवून उरलेल्या आठांचा हिशोब केला तर मध्य १,४१२.५० येतो आणि प्रमाण विचलन फक्त ८५.७. सहाशेवरून पंच्याऐंशीवर.

मग कोणतं उत्तर खरं? दोन्ही. त्या सकाळी आवारात काय झालं हे सांगायचं असेल तर ६०६.५. एकाच प्रतीच्या मालाचा भाव किती स्थिर आहे हे सांगायचं असेल तर ८५.७. फक्त ‘दोन आकडे वगळले’ हे आणि का वगळले हे स्पष्ट लिहावं लागतं. नको असलेला आकडा गुपचूप काढून टाकणं ही लबाडी. गोल्टी हा वेगळा माल आहे म्हणून काढणं हा निर्णय.

दोन बाजारपेठांची किंवा दोन वेगळ्या मालांची तुलना करायची असेल तर नुसतं प्रमाण विचलन पुरत नाही. कांद्याचे ८५ रुपये आणि सोयाबीनचे ८५ रुपये सारखे नाहीत, कारण मूळ भावच वेगळे. म्हणून प्रमाण विचलनाला मध्याने भागून शंभराने गुणायचं. त्याला विचरण गुणांक म्हणतात. वर्गात सगळे सी.व्ही. म्हणतात. दहाही सौदे धरले तर ४०.७ टक्के, आठ धरले तर ६.१ टक्के. सी.व्ही. कमी, तो माल जास्त स्थिर. ‘कोणता फलंदाज अधिक भरवशाचा’ हे पेपरातलं सदाबहार गणित यावरच असतं.

चतुर्थकं, म्हणजे चढत्या क्रमातल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणारे तीन आकडे, झटपट बघू. पहिल्या चतुर्थकाचं स्थान (१०+१)÷४, म्हणजे २.७५वं: दुसरा आकडा १,२५०, त्यापुढच्या शंभराच्या फरकाचे पाऊण ७५, उत्तर १,३२५. तिसऱ्याचं स्थान ८.२५वं: १,५०० अधिक साडेबारा, १,५१२.५०. मधला निम्मा बाजार या दोहोंच्या दरम्यान आहे, आणि मुहूर्ताच्या सौद्याने त्याचं काहीच बिघडवलं नाही.

एक्सेलवर पडताळताना उत्तर जुळत नाही अशी तक्रार दरवर्षी येते. कारण दोन आहेत. एक्सेलमध्ये चतुर्थकाची दोन फंक्शन्स आहेत: शेवटी ‘ई एक्स सी’ असलेलं वरचीच उत्तरं देतं, ‘आय एन सी’वालं १,३६२.५० आणि १,४८७.५० देतं. तसंच प्रमाण विचलनाचं: शेवटी ‘पी’ असलेलं फंक्शन दहाने भागतं, ‘एस’वालं नवाने भागतं आणि ६३९.४ देतं. हातातले आकडे हाच संपूर्ण समूह असेल तर ‘पी’. मोठ्या समूहातून काढलेला नमुना असेल आणि त्यावरून सगळ्या समूहाचा अंदाज बांधायचा असेल तर ‘एस’. पहिल्या वर्षाच्या वर्णनात्मक गणितांत बहुतेक ठिकाणी आकड्यांच्या संख्येनेच भागतात. तुमच्या विद्यापीठाचं पुस्तक काय करतं ते एकदा उघडून बघा.

चौथी पायरी : वर्गीकृत आकडे

वाहनं दहाच्या ऐवजी पन्नास झाली की तक्ता वर्गांत मांडतात. उदाहरण: ८००–१००० मध्ये ४ वाहनं, १०००–१२०० मध्ये ८, १२००–१४०० मध्ये १४, १४००–१६०० मध्ये १६, १६००–१८०० मध्ये ६, १८००–२००० मध्ये २. बरोबर १,४०० भावाचं वाहन १४००–१६०० मध्ये जातं. वरची सीमा त्या वर्गात धरत नाहीत.

मध्यक: एकूण ५०, निम्मे २५. संचित वारंवारता, म्हणजे वरून मिळवत आलेली वाहनांची संख्या: ४, १२, २६. पंचविसावं वाहन तिसऱ्या वर्गात पडतं. खालची सीमा १,२००, आधीची संचित वारंवारता १२, वर्गाची वारंवारता १४, वर्गांतर २००. (२५–१२)÷१४×२०० = १८५.७. मध्यक १,३८५.७.

बहुलक: सर्वांत मोठी वारंवारता १६, म्हणजे वर्ग १४००–१६००. आधीची १४, नंतरची ६. (१६–१४) ÷ (३२–१४–६) × २०० = ३३.३. बहुलक १,४३३.३.

मध्यकाचा वर्ग वेगळा, बहुलकाचा वेगळा. निम्मी पोरं दोन्हींसाठी एकच ओळ धरतात आणि तिथेच मार्क जातात. उत्तर आल्यावर ते निवडलेल्या वर्गाच्या दोन सीमांमध्ये बसतंय का, एवढं बघायला पाच सेकंद पुरतात.

पाचवी पायरी : आवक वाढली की भाव पडतो, पण किती?

सहा दिवसांची आवक (हजार क्विंटल): १०, १२, १४, १६, १८, २०. त्या त्या दिवसाचा भाव (शंभर रुपयांत, म्हणजे १८ म्हणजे १,८०० रुपये): १८, १७, १६, १३, १२, ११.

आवकेचा मध्य १५, भावाचा १४.५. फरक मांडा. आवकेचे: –५, –३, –१, १, ३, ५. भावाचे: ३.५, २.५, १.५, –१.५, –२.५, –३.५. आता तीन बेरजा हव्यात:

आवकेच्या फरकांचे वर्ग : ७०
भावाच्या फरकांचे वर्ग : ४१.५
दोन्ही फरकांचे गुणाकार : –५३

सहसंबंध गुणांक = –५३ ÷ (७० × ४१.५ चं वर्गमूळ) = –५३ ÷ ५३.९ = –०.९८. वजा चिन्ह म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं. गुणांक –१ आणि +१ यांच्या बाहेर आला तर हमखास आकडेमोड चुकली आहे.

रिग्रेशन म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज देणारी रेषा. तिच्यासाठी याच तीन बेरजा पुरतात, नवीन काहीच काढायचं नाही. भावाचा आवकेवरचा गुणांक = –५३ ÷ ७० = –०.७५७. म्हणजे आवक हजार क्विंटलने वाढली की भाव सुमारे ७६ रुपयांनी उतरतो. रेषा मध्यांमधून जाते, म्हणून स्थिरांक = १४.५ + ०.७५७ × १५ = २५.८६. समीकरण: भाव = २५.८६ – ०.७५७ × आवक. उद्या १७ हजार क्विंटल आवक असेल तर भाव १२.९९, म्हणजे सुमारे १,३०० रुपये.

पडताळा असा: उलट दिशेचा गुणांक –५३ ÷ ४१.५ = –१.२७७. दोन्हींचा गुणाकार ०.९६७, आणि –०.९८३ चा वर्गही तेवढाच. दोन्ही गुणांकांची चिन्हं नेहमी सारखीच असतात आणि सहसंबंधाचं चिन्हही तेच. वर्गमूळ काढताना वजा चिन्ह विसरणं ही इथली नेहमीची चूक.

आता समीकरणात ४० हजार क्विंटल घालून बघा. भाव उणे येतो. व्यापारी कांदा नेऊन वर पैसेही देणार, असा त्याचा अर्थ झाला! आपले आकडे १० ते २० हजारांमधले होते; त्याच्या फार बाहेरचं या रेषेला काहीही ठाऊक नाही. पेपरात हे कुणी विचारत नाही, पण विक्रीचा अंदाज बांधणाऱ्या प्रत्येक कंपनीत हा प्रकार घडतो.

दुसरी मेख अशी की खऱ्या बाजारात एवढा देखणा सहसंबंध मिळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद केली. भाव गडगडले, नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. त्या आठवड्याचे आवक आणि भाव घेऊन गुणांक काढला तर काहीतरी आकडा येईलच, पण भाव पडण्याचं कारण आवकेच्या रकान्यात सापडणार नाही. तसाच हंगाम: खरीप, रांगडा आणि उन्हाळ या तिन्ही कांद्यांचा काळ वेगळा, टिकाऊपणा वेगळा. उन्हाळ कांदा चाळीत राहतो आणि शेतकरी भाव बघून तो काढतो, म्हणजे तिथे भावामुळे आवक बदलते. सहसंबंध गुणांक कारण कोणतं आणि परिणाम कोणता ते सांगत नाही. कोण कोणाला ओढतंय हे बाजार माहीत असलेल्या माणसानेच सांगायचं. म्हणून गुणांक काढण्याआधी बिंदू आलेखावर मांडून नुसते डोळ्यांनी बघा.

सहावी पायरी : निर्देशांक

एका घराचा महिन्याचा बाजार, तीनच वस्तू. आधारवर्षी कांदा २५ रुपये किलो, ४ किलो. तूरडाळ १२० रुपये, २ किलो. तेल १२० रुपये, ३ लिटर. चालू वर्षी कांदा ४० रुपये, पण घेतला २ किलोच. डाळ १५० रुपये, २ किलो. तेल १३२ रुपये, ३ लिटर.

जुन्या किमतीने जुना बाजार : १०० + २४० + ३६० = ७००
नव्या किमतीने जुना बाजार : १६० + ३०० + ३९६ = ८५६
जुन्या किमतीने नवा बाजार : ५० + २४० + ३६० = ६५०
नव्या किमतीने नवा बाजार : ८० + ३०० + ३९६ = ७७६

या चार बेरजा झाल्या की सगळं आलं. लास्पेयर (१८७१) जुन्या बाजाराची पिशवी तशीच धरतो: ८५६ ÷ ७०० × १०० = १२२.३. पाशे (१८७४) नव्या पिशवीने मोजतो: ७७६ ÷ ६५० × १०० = ११९.४. फिशर दोहोंच्या गुणाकाराचं वर्गमूळ घेतो: १२०.८.

लास्पेयर जास्त का आला? कांदा महागला म्हणून घरातल्या बाईने भाजीत कांदा निम्मा केला. लास्पेयरला ते माहीत नाही. त्याच्या मते घर अजून चार किलोच घेतंय. सरकारी महागाई निर्देशांक तरी लास्पेयरच्याच धाटणीचे असतात, कारण दर महिन्याला घरोघर जाऊन ‘या महिन्यात किती किलो घेतलं’ असं विचारणं परवडणारं नाही. पाहणी काही वर्षांतून एकदा होते आणि मधल्या काळात फक्त किमती गोळा करतात.

आता याचा खरा उपयोग. घरात कुणी केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर महागाई भत्त्याचा हिशोब तुम्ही आज स्वतः करू शकता. तो लेबर ब्युरोच्या औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. चालू मालिकेचं आधारवर्ष २०१६. जानेवारी ते डिसेंबर २०२३ चे बारा आकडे असे: १३२.८, १३२.७, १३३.३, १३४.२, १३४.७, १३६.४, १३९.७, १३९.२, १३७.५, १३८.४, १३९.१, १३८.८. जुलैतली उडी टोमॅटोची. त्या महिन्यात टोमॅटो कडाडले होते.

१. बारांची बेरीज १,६३६.८, भागिले १२, मध्य १३६.४.
२. सातव्या वेतन आयोगाचा पाया २००१ च्या मालिकेतला आहे, म्हणून २०१६ च्या मालिकेतला आकडा २००१ च्या मालिकेत नेणाऱ्या जोडगुणकाने गुणा: १३६.४ × २.८८ = ३९२.८३. पुस्तकातलं ‘आधारवर्ष बदल आणि जोडणी’ हे रटाळ प्रकरण म्हणजे हेच.
३. पायाभूत आकडा २६१.४२ वजा करा: १३१.४१.
४. भागिले २६१.४२, गुणिले १००: ५०.२७.
५. अपूर्णांक सोडा. ५० टक्के.

आणि जानेवारी २०२४ पासून भत्ता ५० टक्केच झाला. आधी तो ४६ होता.

इथे शेवटचा खड्डा आहे. ‘बाबांचा पगार चार टक्क्यांनी वाढला’ हे चूक. मूळ वेतन ५०,००० धरा. आधी ४६ टक्के भत्त्यासह ७३,०००, ५० टक्के झाल्यावर ७५,०००. वाढ २,००० रुपयांची, म्हणजे ७३,००० वर २.७४ टक्के. भत्ता चार टक्केबिंदूंनी वाढला, पगार पावणेतीन टक्क्यांनी. रेपो दर, मतांची टक्केवारी, नफ्याचं प्रमाण, सगळीकडे हाच गोंधळ चालतो. तोंडी परीक्षेत यावर प्रश्न आला तर बरेच जण आडवे होतात.

सरावाला

पणन मंडळाच्या संकेतस्थळावरून लासलगाव आणि सोलापूर या दोन बाजार समित्यांचे एका महिन्याचे कांद्याचे भाव उतरवून घ्या: तारीख, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. सुट्टीचे दिवस रिकामे ठेवा, तिथे शून्य भरू नका. शून्य भरलंत तर मध्य कोसळेल. दोन्ही ठिकाणी आवकेचं वजन देऊन महिन्याचा भारित मध्य काढा, मग सर्वसाधारण दराचा सी.व्ही. काढा, मग आवक आणि दर यांचा सहसंबंध. ज्या दिवशी आकडा विचित्र दिसेल त्या दिवसाचं वर्तमानपत्र शोधा आणि कारण एका ओळीत लिहा. प्रकल्पाची वही यावर भरते, आणि मार्गदर्शक सर जे प्रश्न विचारतील त्यांची उत्तरं बहुतेक त्या कारणांच्या रकान्यातच मिळतील.